सैन्यातून निघालेली जिप्सी आणि कापसाची ट्रॉली

प्रश्न : महोदय, मी आर्वी तालुक्यातील एका गावात राहतो. आमची अकरा एकर शेती आहे. कापूस, तूर आणि दोन एकर संत्रा. शेत गावापासून साडेतीन किलोमीटर आत असून वाट पांदणीची आहे. मध्ये नाला आणि त्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. पावसाळ्यात मोटारसायकलसुद्धा जात नाही. घरी ट्रॅक्टर नाही, भाड्याने बोलवावा लागतो. नागपूरच्या एका दलालाने सैन्याच्या लिलावातून निघालेली मारुती जिप्सी एक लाख नव्वद हजारांत देऊ केली आहे. त्याच्याकडे जोंगा ही सैन्याची जुनी जीपही आहे. लिलावाची पावती पुरेशी आहे, बाकी कागद नंतर होतील, असे तो म्हणतो. माझे मोठे काका सैन्यात चालक होते आणि अशी गाडी घरी यावी, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. गाडीला ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली जोडून कापूस जिनिंगवर न्यावा, फवारणीचे पाणी ओढावे आणि वेचणीच्या बायांची शेतात ने-आण करावी, असा माझा विचार आहे. गाडीचा हिरवा रंग तसाच ठेवावा, असे काका म्हणतात. पोळ्याच्या आत इसार द्यायचा आहे. काय करावे?
– एक शेतकरी, जिल्हा वर्धा

उत्तर : तुमच्या पत्रातील दोन गोष्टींचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो, कारण त्यांत पैसा आणि जीव दोन्ही गुंतले आहेत. दलालाला इसार देऊ नका आणि जिप्सीला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्या. याचा अर्थ काकांची इच्छा चुकीची आहे, असा नाही. सैन्यात वापरलेली गाडी खेड्यातल्या घरी नांदू शकते आणि उपयोगीही पडू शकते. मात्र ती कोणत्या अवस्थेत, कोणत्या कागदांनिशी आणि कोणत्या कामासाठी आणायची, हे नीट ठरवूनच आणावी लागते.

लष्करी गाडीच्या दणकटपणाविषयी आपल्याकडे जी ख्याती आहे, ती खोटी नाही, पण अपुरी आहे. सैन्यातली गाडी एकटी कधीच नसते. तिच्या मागे प्रशिक्षित चालक असतो, प्रत्येक फेरीची नोंदवही असते, ठरलेल्या अंतराला तेल बदलणारी आणि सुटा भाग थकण्याआधीच काढणारी कार्यशाळा असते. १९४३ पासून हे काम सैन्यातील एक स्वतंत्र कोअर, म्हणजे ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स), करत आली आहे. गाडी लिलावात निघते ती बहुधा दुरुस्तीवर पुढे खर्च करणे परवडत नाही, असे ठरल्यावरच. तुमच्या अंगणात गाडी येईल, पण ही सगळी व्यवस्था येणार नाही. ती तुम्हाला वर्ध्यात किंवा आर्वीत स्वतःच उभी करावी लागेल. ती उभी करता येईल का, या प्रश्नाच्या उत्तरावरच खरेदीचा निर्णय घ्यावा.

आता कागदांविषयी, आणि हा भाग कृपा करून काकांना वाचून दाखवा. सैन्याच्या सेवेत असताना गाडीची नोंदणी परिवहन कार्यालयात झालेली नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण विभागाचे स्वतःचे अधिकारी ती नोंदणी करतात. बाणाचे चिन्ह आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे असलेली जी पाटी आपण पुलगावच्या रस्त्यावर पाहतो, ती याच नोंदणीची. गाडी देशरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की, ही नोंदणी तिच्या उपयोगाची राहत नाही आणि कलम ३९ व ४० प्रमाणे तिची नव्याने नागरी नोंदणी व्हावी लागते. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ हा सैन्यातून निघालेल्या गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्याने दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र मागतो, आणि ते नमुना २१ मध्येच असावे लागते. त्यावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि खरेदीदाराचे नाव असते. लिलावाची पैसे भरल्याची पावती म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे.

दलालाकडे नमुना २१ असला, तरी तो कोणाच्या नावाने आहे, हा पुढचा प्रश्न. सैन्यातून काढलेल्या मालाचे लिलाव बहुतांशी एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संगणकीय व्यवस्थेतून होतात आणि तेथे बोली लावणारा सहसा एखादा मोठा व्यापारी असतो. प्रमाणपत्र त्याच्या नावाने निघते. तेथून गाडी दुसऱ्या, तिसऱ्या हातातून नागपुरात पोहोचते आणि मधल्या कोणीच ती नावावर करून घेतलेली नसते. अशा गाडीची स्टॅम्प पेपरवर केलेली करारचिठ्ठी तुम्हाला मालक बनवत नाही. ती फक्त तुम्ही पैसे दिल्याचा पुरावा असते.

त्यातही लिलावात गाडी चालू वाहन म्हणून विकली गेली की निव्वळ मोड म्हणून, हे लिलावाच्या अटींतच लिहिलेले असते आणि ते तुम्ही स्वतः वाचले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडाव्या लागतात. देशरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातील चिलखती आणि खास वाहने या नियमातून वगळलेली आहेत, हे खरे. पण एखाद्या व्यापाऱ्याने मोड म्हणून घेतलेली जिप्सी रंग मारून, बॅटरी बसवून, चालू करून दाखवली म्हणून ती नोंदणीस पात्र होत नाही. शिवाय प्रदूषणाचे निकष आहेत. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे मानक लागू आहे, आणि त्या तारखेनंतर बीएस-चार गाड्यांची विक्री किंवा नोंदणी होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. तुम्हाला दाखवलेली जिप्सी या मानकांच्या कितीतरी आधीची असणार. कधीच नागरी नोंदणी न झालेली अशी गाडी आज नव्याने नोंदवायला गेलात, तर कार्यालयात तुमची अडवणूक झाली असे तुम्हाला वाटेल. वास्तविक नियमच तुमच्या विरुद्ध असेल.

म्हणून माझा सल्ला असा की, जिची नागरी नोंदणी पूर्वीच, रीतसर, कोणाच्या तरी नावाने झालेली आहे आणि जिचे नोंदणी प्रमाणपत्र आजही जिवंत आहे, अशीच सैन्यातून आलेली गाडी पाहावी. अशा गाड्या मिळतात, थोड्या महाग मिळतात, आणि तो फरक देण्यासारखा आहे. तिचा क्रमांक परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. चासी आणि इंजिनवर कोरलेले आकडे नोंदणी पुस्तकाशी जुळवा. चासीच्या आकड्यावर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या. खोडलेला, घासलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला आकडा दिसला की पुढे बोलणेच नको. गाडी परराज्यातून आली असेल, तर नमुना २८ मधील ना हरकत दाखला आणि हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० हे मूळ मालकाच्या सहीने हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही भरावा लागतो. ही मुदत केव्हा संपते, ते पाहून मगच भाव ठरवा. इंजिन बदललेले असेल आणि ते पुस्तकात चढवलेले नसेल, तर कलम ५२ आड येते. पेट्रोल जिप्सीत परस्पर डिझेल इंजिन बसवून विकणारे पुष्कळ आहेत. तशी गाडी कितीही छान ओढत असली, तरी अपघातानंतर विमा कंपनीच्या पहिल्या तपासणीतच ती उघडी पडते.

गाडी पाहायला जाताना काकांना सोबत न्या. त्यांनी ज्या गाड्या चालवल्या, त्यांचा आवाज त्यांच्या कानात आहे, आणि हे ज्ञान कोणत्याही दलालाकडे नसते. फक्त त्यांना एक गोष्ट आधी सांगा. सैन्यातून निघालेल्या गाडीचा खरा दोष पुष्कळदा अति वापरापेक्षा दीर्घकाळ उभे राहण्यातून येतो. डेपोत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून धरलेले असतात, पेट्रोलच्या टाकीत गंजाचे पापुद्रे असतात, ऑइल सील कडक झालेले असतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, म्हणून टायर चांगला समजू नये. त्याच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. दहा-बारा वर्षांचे रबर असेल, तर चारही टायर नवे घेण्याचा खर्च भावातून वजा करावा. चासी खालून पाहावी, विशेषतः स्प्रिंगचे पाटे जेथे अडकवलेले असतात तेथे आणि मागच्या हुकाच्या आडव्या दांडीपाशी. तडा गेला की आधी तेथेच जातो. मोकळ्या, मऊ जमिनीवर चारचाकी गियर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारे गियर, टाकून, नंतर लहान गियरच्या पल्ल्यात गाडी चालवून पाहावी. हे गियर वर्षानुवर्षे कोणी टाकलेले नसते आणि दांडा अडकून बसलेला असतो. गाडी कार्ब्युरेटरची असेल, तर आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि वायसर फुगतात किंवा चिरतात; ते सगळे बदलायचेच आहे, असे धरून चाला.

मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा आणि वर एखादा छोटा दिवा दिसला, तर ती गाडी खरोखर सैन्यात होती, असे समजायला जागा आहे. रात्री दिवे मालवून तांडा चालतो, तेव्हा मागच्या चालकाने तेवढ्याच उजेडावर अंतर राखायचे असते. काकांना हे सांगायला नको. मी हे तुमच्यासाठी लिहितो आहे, कारण नुसता हिरवा रंग दिलेल्या साध्या जिप्सीही सैन्याच्या म्हणून विकल्या जातात.

जिप्सी की जोंगा, याचे उत्तर मला सोपे वाटते. जोंगा ही निसानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची गाडी. तिच्यावर १०६ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ बसवून सैन्याने ती सीमेवर चालवली आहे, आणि ओढण्याच्या ताकदीत जिप्सी तिच्या जवळपासही येत नाही. परंतु तिचे उत्पादन थांबून पाव शतक उलटले आहे. तिचा एखादा सुटा भाग हवा असला की, जबलपूरचा जुना बाजार, दिल्लीचे मायापुरी किंवा पंजाब-हरियाणाकडचे जीपवाले यांच्याकडे हात पसरावे लागतात. लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी शेतीच्या खर्चात बसत नाही. जोंगा ही ज्याला जपायची हौस आहे आणि त्यासाठी वेगळा पैसा आहे, त्याने घ्यावी. त्या हौसेविषयी मला आदर आहे, पण तुमच्या अकरा एकरांवर तो भार टाकू नका. जिप्सीचे तसे नाही. तिचा क्लच, ब्रेक, इंजिनाचे बहुतेक भाग मारुतीच्या ओळखीचे आहेत आणि वर्ध्याचा सामान्य मेकॅनिक तिला हात लावायला घाबरत नाही. डिझेलचीच गाडी हवी असेल आणि सैन्यातून निघालेली महिंद्राची जीप चांगल्या कागदांनिशी मिळाली, तर तिचाही विचार करावा, कारण काळीपिवळीच्या काळापासून ते इंजिन जाणणारे मेकॅनिक आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत.

आता ट्रॉली. येथे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘सैन्याची गाडी तोफ ओढते, मग ट्रॉली का ओढणार नाही’ हा युक्तिवाद मी फार वेळा ऐकला आहे. तोफ ओढणारी गाडी शक्तिमान किंवा स्टॅलियनसारखा कित्येक टनांचा ट्रक असतो. जिप्सीचे स्वतःचे वजन सुमारे ९८५ किलो आहे. ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली रिकामीच जवळपास टनभर भरते. तिच्यात २० क्विंटल कापूस भरला की मागे तीन टन झाले, म्हणजे गाडीच्या तिप्पट. सपाट रस्त्यावर लहान गियरमध्ये जिप्सी ते वजन कदाचित हलवील, आणि धोका तेथूनच सुरू होतो, कारण हलवता आले म्हणजे थांबवता येईल, असे वाटू लागते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. नाल्याच्या उतारावर तीन टन वजन मागून ढकलते, जिप्सीची मागची चाके उचलली किंवा सरकली जातात आणि गाडी व ट्रॉली हुकापाशी दुमडतात. ट्रॅक्टर हे ओझे सांभाळतो, कारण तो स्वतः जड आहे, त्याची मागची चाके मोठी आहेत आणि तो वीस-पंचवीसच्या वेगाने गियरमध्येच उतरतो. जिप्सीची दोन चाकांमधली लांबी २३७५ मिलिमीटरच आहे. इतक्या आखूड गाडीमागे जड ट्रॉली झुलू लागली की चालकाच्या हाती काही उरत नाही. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार हुकावरही येतो. तो इतका असतो की लहान गाडीची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग जमिनीला नीट धरत नाही. त्यातून कापूस म्हणजे वजनाच्या मानाने उंच भरणारा माल. वळणावर ट्रॉली कलंडताना पुढची हलकी गाडीही सोबत नेते.

कायद्याच्या बाजूनेही हे जमत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली शेतीकामासाठी, ट्रॅक्टरमागे चालवण्यासाठी नोंदलेली आणि विमा उतरवलेली असते. ती खासगी गाडीला जोडून जिनिंगच्या रस्त्यावर आणली आणि कोणाला लागले, तर भरपाई तुमच्या सात-बाऱ्यावर येईल.

जिप्सीमागे काय ओढता येईल, तेही सांगतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे मालासह एकूण वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नसावे, हा अनेक देशांत पाळला जाणारा नियम आहे, आणि आपणही तो पाळावा. म्हणजे तुमची मर्यादा साधारण ५०० किलो. जीपमागे जोडण्यासाठी बनवलेला एका आसाचा छोटा ट्रेलर दोनशे किलोंच्या आसपास असतो; उरले तीनशे. युरियाच्या ४५ किलोच्या सहा गोण्या, किंवा संत्र्याचे काही क्रेट, किंवा वेचलेल्या कापसाची शेतातून घरापर्यंतची गाठोडी, एवढे काम त्यात होते आणि अकरा एकरांच्या शेतीत ते थोडे नाही. फवारणीच्या पाण्यासाठी ५०० लिटरची टाकी मात्र बसवू नका; पाणीच ५०० किलो भरते. दोनशे-अडीचशे लिटरची टाकी घ्या आणि ती भरलेली किंवा रिकामी न्या. अर्धी भरलेली टाकी खाचखळग्यांत पाणी पुढेमागे आपटून ट्रेलरला हिसके देते, ते टाळायचे असेल तर टाकीत आडव्या जाळ्या बसवून घ्याव्यात. माल ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे भरावा, म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर येईल. मागे भरलात तर वेग घेताच ट्रेलर नागमोडी चालू लागतो.

लष्करी गाडीच्या मागे असलेला जबड्यासारखा हुक जाड लोखंडी कड्यासाठी बनवलेला असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे कडे आणि खिळ त्याच्या मापाचे नसतात, उंचीही जुळत नाही. ट्रेलर करवून घेताना कडे त्या हुकाच्या मापाचे करा, हुकाची कुलूपखिळ प्रत्येक वेळी हाताने ओढून पाहा आणि सोबत दोन साखळ्या हुकाखाली आडव्या-तिरप्या बांधा, म्हणजे हुक सुटला तरी दांडा जमिनीत रुतणार नाही. ट्रेलरची रीतसर नोंदणी, मागचे दिवे, परावर्तक पट्ट्या आणि विम्यात त्याचा स्वतंत्र उल्लेख ही कामे आधी करून घ्यावीत. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे; ट्रेलर मागे असताना ती जीवघेणी आहे. चढताना जो गियर लागला, त्याच गियरने उतरावे.

आणखी एक ओढणे आहे, ज्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण गावात चारचाकी जोराची गाडी आली की ते तुमच्या दारी येणारच: चिखलात फसलेला ट्रॅक्टर काढून देणे. जिप्सीने हे काम कधीच करू नये. काळ्या मातीत फसलेल्या चाकाला माती खालून धरून ठेवते आणि सुटायला लागणारा जोर गाडीच्या वजनाहून खूप अधिक असतो. तुमचीच गाडी फसली आणि ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली, तर दोर बंपरला न बांधता चासीच्या हुकाला बांधा, हिसका न देता हळूहळू ताण द्या, दोरावर ओले पोते टाका आणि दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कोणालाही उभे राहू देऊ नका. अशा वेळी गावातली पोरे भोवती गोळा होतात. तुटलेली साखळी कोणत्या दिशेने येईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

तुमच्या पांदणीचा विचार करता चारचाकी गियरकडून तुमची अपेक्षा थोडी कमी करावी लागेल. मुरमाड, दगडगोट्यांच्या, वरवर ओल्या वाटेवर ही गाडी उत्तम चालेल. पण भर पावसात भिजलेली काळी माती फुगते, चिकटते आणि टायरच्या नक्षीत भरून बसते. सैन्याच्या टायरची नक्षी पुढे आणि मागे दोन्ही दिशांना सारखी पकड देण्यासाठी केलेली असल्यामुळे ती ट्रॅक्टरच्या तिरप्या दातांसारखी स्वतःहून साफ होत नाही. चारही चाके गुळगुळीत झाली की चार चाकांचा जोर असूनही नसल्यासारखा. हवेचा दाब थोडा कमी करणे, एकाच चाकोरीत पुन्हा पुन्हा न जाणे आणि मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबणे, एवढेच हाती असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चारचाकी गियर काढून टाकायला विसरू नका, कारण वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर चालतात आणि तो सगळा ताण गियरपेटीवर येतो.

रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर जिप्सी घेऊन उतरू नका. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला तरंगवते, आणि दीड-दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. चारचाकी गियरने गाडीचे वजन वाढत नाही आणि जिप्सी तर हलकीच गाडी आहे. विदर्भात दर पावसाळ्यात रपट्यावरून माणसे वाहून जातात आणि त्यांतले कितीतरी जण रोजच्या वाटेवरचे, पाण्याचा अंदाज असलेले असतात.

वेचणीच्या बायांविषयी तुम्ही लिहिले, त्यामागे त्यांची पायपीट वाचावी हा हेतू आहे, हे मला समजते. नोंदणी पुस्तकात जितक्या आसनांची नोंद आहे, तितक्याच माणसांना, आत बसवून, भाडे न घेता न्या. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसणाऱ्यांना पट्टे नसतात आणि ही गाडी वेगात वळताना कलंडण्याकडे झुकते, म्हणून वेग बैलबंडीहून थोडा अधिक असला तरी पुरे. ट्रेलरमध्ये मात्र एकही माणूस बसू नये, गाठोड्यांवर तर नाहीच. ट्रेलर उलटला तर त्यात बसलेल्याच्या कुटुंबाला विमा कंपनी उभे करत नाही, आणि त्या बाया तुमच्याच गावच्या आहेत.

रंगाचे उत्तर एका वाक्यात आहे. संरक्षण विभागाखेरीज कोणाच्याही गाडीला तो ऑलिव्ह हिरवा रंग लावण्यास नियम १२१ ने मनाई केली आहे. बाणाची पाटी, तुकडीची चिन्हे, ठिपक्याठिपक्यांचे पट्टे हेही काढून टाकावे लागतात. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात अशा रंगाची खासगी गाडी फिरवणे काकांनाही आवडणार नाही. त्यांनी स्वतः पहाऱ्यावर उभे राहून अशा गाड्या अडवल्या असतील. मातकट किंवा बदामी रंग द्या आणि नोंदणी पुस्तकात तो चढवून घ्या.

राहिला पोळ्याचा प्रश्न. तुमच्या हातात पोळ्यापेक्षा सीतादहीपर्यंतचा, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेपर्यंतचा, वेळ आहे, कारण ट्रेलरचे खरे काम तेव्हाच सुरू होईल. दलालाने नमुना २१ ची प्रत दिली, तर तिच्यासह वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, एमएच ३२ च्या खिडकीवर, या चासी क्रमांकाच्या वाहनाची नागरी नोंदणी होऊ शकते काय, असा लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रत देण्यास त्याने टाळाटाळ केली, तर अर्जाचीही गरज नाही. दरम्यान एक लाख नव्वद हजारांतून ट्रॅक्टरचे या हंगामाचे भाडे बाजूला काढून ठेवा. कापूस जिनिंगपर्यंत ट्रॅक्टरच नेईल.